धुरा आला की पास

माझ्यावर सगळ्यांत जास्त ऋण आहे ते आमच्या कॉलेजच्या खेळाच्या सरांचं. मी शिक्षण सोडणार होतो. फुटबॉल संघातल्या जागेसाठी टिकलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो.

कॉलेजला मैदान नव्हतं. धान निघालं की सरांच्या करडी गावातल्या रिकाम्या शेतात सराव चालायचा. एका बांधीत, म्हणजे धानाच्या एका तुकड्यात, एकानं बॉल घेऊन पळायचं आणि धुरा, म्हणजे दोन तुकड्यांमधला बांध, आला की पलीकडच्या बांधीतल्या गड्याला पास द्यायचा, हा सरांचा नियम. मी मात्र बॉलसकट धुरा ओलांडायचो.

"बॉल घेऊन घरीच चालला का रे बाबू?" सर ओरडायचे.

"सर, पळूनच तर राहिलो!"

"मंग बाकीचे पोट्टे काय धानाचा रोवणा कराले आले?"

नागपूरच्या सामन्यात मैदान एकदम सपाट होतं. बॉल मिळाला तसा मी पळत सुटलो. कुठे थांबावं कळेना. तेवढ्यात रेषेबाहेरून सरांचा आवाज आला, "धुरा आला!" पाय आपोआप अडला, पास गेला आणि गोल झाला.

आता पुण्यात नोकरी करतो. रविवारी ऑफिसातले आम्ही टर्फवर खेळतो. पळताना माझे कान अजून रेषेबाहेर असतात. परवा सरांना पत्र टाकलं:

"सर, नमस्कार. इथं पळाले जागा खूप हाय, पण धुरा आला म्हणून सांगणारं कोणी नाही. धान निघालं की गावाले येतो. तुम्ही फक्त पलीकडच्या बांधीत उभे राहा. या वेळी पास तुम्हालेच देतो."