बिडाच्या तव्यावरचं नाव

जुनं बीड कसं ओळखायचं हे मला कोणी शिकवायला नको. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले जुन्या भांड्यांचे दुकानदार मला पाहिलं की तोंड फिरवतात. निवृत्तीनंतर अंबरनाथच्या माझ्या स्वयंपाकघरात बिडाचे तवे, कढया, आप्पेपात्रं जमत गेली. नवऱ्याच्या मते घराचं भंगाराचं गोदाम झालं आहे. म्हणेना का. जुना तवा वर्षानुवर्षांच्या उलथन्याने गुळगुळीत झालेला असतो आणि त्याचा गंज काळपट असतो. नकली माल मिठाच्या पाण्यात ठेवून गंजवतात. तो गंज नारिंगी, सगळीकडे सारखा आणि लगेच बोटाला लागणारा.

हा नाद मुळात ताईचा. आई गेल्यावर भावाने घर रिकामं करताना तिचा घावनांचा तवा भंगारात देऊन टाकला. ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तवा शोधायला लागली. तिच्याबरोबर फिरता फिरता मी दिसेल ते जमवत गेले. तिला मात्र तोच हवा होता.

मागच्या वर्षी बदलापूरहून तिचा फोन आला, "सापडला. ये." मी गेले. मधुमेहाने तिची नजर जवळजवळ गेली होती. तव्याच्या पाठीवर आईचं नाव होतं आणि ती त्यावरून बोट फिरवत होती. आईच्या भांड्यांवर नाव असायचं, म्हणून तिला शंकाही आली नव्हती. मग तिने घावन घातलं. ते चिकटलं. दुसरं फाटलं. तिसऱ्याचा लगदा झाला.

"तवा तोच आहे गं," ती म्हणाली. "माझाच हात गेला."

ते मला ऐकवेना. तवा निवल्यावर मी उलटा करून पाहिला. नावं घालतात ती पितळेवर, स्टीलवर. बीड ठिसूळ, छिन्नी लागली की टवका उडतो. ही अक्षरं साच्यातच ओतलेली होती.

"ताई, दुकानदाराला आईचं नाव तू सांगितलंस?"

"त्यानेच विचारलं. म्हणाला, माताजी का नाम बताओ, ढूँढने में आसान पड़ेगा."

त्या माणसाचा मला संताप आला. "तुझा हात गेलेला नाही," मी म्हटलं. "हा तवा नवा आहे. आपला नाही."

तिने हात पुढे करून तवा माझ्याकडून काढून घेतला. मग म्हणाली, "तुझ्याकडचे सगळे खरे?"

"हो."

"त्यातल्या एकाला तरी आईचा हात लागलाय?"

"नाही."

"मग हा राहू दे. याच्यावर तिचं नाव तरी आहे," म्हणत तिने तवा पुन्हा गॅसवर ठेवला आणि चाचपडत तेलाची वाटी शोधू लागली.