पिठावरचं पाऊल

धाकटा भाऊ माझ्या संशोधनाला ‘ताईची भाकरी’ म्हणायचा. लॅपटॉपवर मी त्याला कडेनं दिसणारी, भाकरीसारखी चपटी एक दीर्घिका दाखवली, तेव्हापासून. समोरून बघितली तर तिच्या तबकडीच्या वर काय आहे ते कळत नाही, ती आडवीच दिसावी लागते. मग वर विरळ, तापलेला वायू दिसतो, इतका तापलेला की त्याच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटून गेलेले असतात. मोठे तारे फुटले की तो वर उडतो आणि पुष्कळसा परत खाली येतो. काही तारे मात्र तिथं वरच जन्मतात.

“लई एकटे पडले की गं,” तो म्हणाला होता, आणि पिकअप धुवायला निघून गेला.

गेल्या वर्षी जळकोटच्या पुढं हायवेवर तीच पिकअप उभ्या ट्रकवर आदळली. मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

नेण्याआधी घरात त्याला जिथं ठेवलं होतं, तिथं चुलतीनं पीठ पसरून दिवा लावला आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, ते सकाळी पिठात उमटलेल्या पावलावरून बघतात. मला हे पटत नाही. पण त्या दिवशी बोलायचं बळ नव्हतं.

सकाळी टोपली उचलली. “पाखराचं पाऊल हाय,” चुलती लगेच म्हणाली. “सुटलं लेकरू.”

आईचा विश्वास बसेना. ती माझ्याकडे वळली. “तू बघ. तुझं तेच काम हाय न्हवं? बारीकसारीक तुला दिसतं.”

मी गाल जमिनीला टेकवला आणि सवयीनं कडेनं बघितलं. पीठ उडू नये म्हणून श्वास धरला. दारातून चांगला उजेड येत होता. पीठ सपाट होतं, एका बाजूला टोपलीची काडी घासलेली, बस्स. जे हवंय तेच दिसायला लागणं, ही आमच्या कामातली सगळ्यात मोठी भीती. आणि मला पाऊल हवं होतं. पाखराचं, मुंगीचं, कसलंही. खोटं बोलावं असं फार वाटलं. पण एवढ्या बायकांत आईनं मलाच विचारलं होतं.

“न्हाय आई. काईच उमटलं न्हाय.”

चुलतीनं डोळे वटारले. आता आई कोसळणार, असं मला वाटलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टोपली होती तशी पालथी घातली.

“मंजी आजून गेलाच न्हाय,” ती म्हणाली. “घरातच हाय.”

मग भावकीतून आलेल्या जेवणातलं तिनं त्याचं ताट वाढायला घेतलं.

दहावा झाला, वर्षश्राद्धही झालं. टोपली तिथंच आहे. कुणी ती उचलायला गेलं की आई आडवी येते. “पोरीनं सोता बघितलंय,” ती सांगते. “माझी पोर खोटं बोलत न्हाय.”