अळंबी हुशार की कोल्हा

डोंबिवलीच्या शालनताई पोस्टातून निवृत्त झाल्या, पण त्यांचा धाक अजून नोकरीत आहे. श्रावण लागला की त्या एकट्याच मलंगगडाच्या बाजूला रानात जातात आणि पिशवीभर अळंबी आणतात. कुठल्या वारुळावर उगवते, ते सख्ख्या भावालाही सांगायचं नाही, ही आईची शिकवण. जागा फुटली की पुढच्या वर्षी तिथे नुसती माणसंच उगवतात.

भाऊ महेंद्र दिव्यात खाडीकडेच्या इमारतीत राहतो. तिथला सेक्रेटरी. रविवारी येऊन अळंबीचं कालवण ओरपायचा आणि वर म्हणायचा, यात काय एवढं, आमच्या तिवरांत कोल्हे आहेत, हुशार जनावर. मग जुंपायची. ताई म्हणत, तो चार पाय असून लपताना धापा टाकतो. अळंबीला पाय नाहीत, जागची हलत नाही, तरी कोणाच्या हाती लागत नाही. सडकं-मेलेलं दोघंही संपवतात, पण कोल्हा त्यावर गावभर ओरडतो, अगदी तुझ्यासारखा.

यंदा त्याने कहरच केला. इमारतीच्या भिंतीपलीकडे, तिवरांत, कोल्ह्याची जोडी दिसली, सोबत अर्धवट वाढलेली पिल्लं. पठ्ठ्याने फोटो इमारतीच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी निम्मी इमारत भिंतीशी, हातात बिस्किटं. सकाळी आया खवळल्या. पोरांना चावतील, पकडणारे बोलवा, तिवरं तोडा. महेंद्रने घाबरून ताईंना फोन केला. त्यांनी आधी यथेच्छ झापलं, मग दिवा गाठलं.

इमारतीच्या मीटिंगमध्ये ताईंनी पढवल्याप्रमाणे महेंद्र उभा राहिला.

"चूक झाली. कुत्रीच होती ती. चष्मा नव्हता माझ्याकडे."

सगळे हसत सुटले. फक्त तळमजल्यावरची हेमा फोटो मोठा करून बघू लागली, शेपूट फारच झुपकेदार आहे म्हणाली. महेंद्रने ताईंकडे पाहिलं.

शालनताईंनी जन्मात कधी भावाची बाजू घेतली नव्हती. आताही घेतली नाही.

"याचं काय ऐकता? लहानपणी शेजारच्यांच्या बोकडाला हरीण समजून शाळाभर सांगत फिरलेला हा."

हेमाने हसून फोन पर्समध्ये टाकला आणि विषय पाण्याच्या टँकरवर गेला. जिन्यात मात्र पोरं महेंद्रवर भुंकली.

"ताई, कसला बोकड? असं कधी झालंच नव्हतं," तो कुरकुरला.

"हळू बोल," ताई म्हणाल्या. "भिंतीपलीकडे पिल्लं आहेत."