खुर्चीखालचं नाव

काष्टीच्या बाजारापलीकडे चांदभाई सुताराचं दुकान होतं. दारं, पेट्या, बैलगाडीची चाकं, सगळं त्याने केलं. नाव मात्र कशावर घातलं नाही. नावाची रीत त्याने तरुणपणी नगरला मिशनच्या कारखान्यात ऐकली होती. तिथले म्हातारे पाद्री सांगत, की दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या खुर्ची करणाऱ्या उस्तादाला बैठकीखाली आपलं नाव ठोकावंच लागे. काम वाईट निघालं तर कुणाला धरायचं, ते कळावं म्हणून.

तसं नाव त्याने डोळ्यांनी पाहिलं ते गावचे जमीनदार आप्पासाहेब यांच्या घरी. त्यांच्या वडिलांनी एका संस्थानिकाच्या लिलावातून सहा फ्रेंच खुर्च्या आणल्या होत्या. लंबगोल पाठ, निमुळते सरळ पाय, पायांवर उभ्या पन्हळी. सांधे लाकडी खुंट्यांचे, खिळा एकही नाही.

१९७१च्या उन्हाळ्यात त्यातली एक तिसऱ्यांदा मोडली. चांदभाई हत्यारं घेऊन त्यांच्या ओसरीवर बसला.

"परत पडली का?" त्याने आप्पासाहेबांच्या बायकोला, राहीबाईंना, विचारलं.

"पडलीच म्हना." राहीबाईंनी पदर गालावर ओढला.

पायाच्या पन्हळीत रक्त वाळलं होतं, त्यात एक लांब केस. मागच्या खेपेला बाईंचा दंड मोडला होता, आता कानशील सुजलं होतं. पुढची खेप डोक्याचीच, हे त्याला दिसत होतं.

"संगमनेरला भावाकडं निघून जा, बाई."

"दारापातुर तरी पोचू देतील का?"

आतून आप्पासाहेब गरजले, "चांद्या, खुर्ची जोडायला बोलावलंय, संसार न्हाई!"

चांदभाईने मान खाली घातली. बैठक मागच्या पायांना जिथे भिडते, त्या सांध्यांना त्याने चिकटवायचा सरेस लावलाच नाही. खुंट्या तासून बारीक केल्या. बसणाऱ्याला खुर्ची दगा देणार नव्हती. पाठीला धरून उचलणाऱ्याला देणार होती. मग ती उलटी करून त्याने उस्तादाच्या नावाशेजारी पटाशीने कोरलं: चांद, काष्टी. नाहीतर आप्पासाहेबांनी बाईंनाच धरलं असतं.

आठ दिवसांनी आमटी खारट झाली. आप्पासाहेबांनी ताट भिरकावलं, खुर्ची डोक्यावर उचलली. पाठ हातात राहिली आणि बैठक निखळून त्यांच्या पायावर आदळली. अंगठा फुटला. ते विव्हळत खाली बसले तोवर राहीबाई अनवाणी फाट्यावर पोचल्या होत्या. एसटी उभीच होती.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब लंगडत दुकानात आले, बरोबर दोन गडी. त्यांतल्या सूर्यभानने चांदभाईला केसांना धरून ठोकळ्यावर दाबलं, भिमाजीने उजवा हात पसरून धरला. निखळलेली बैठक समोर उलटी पडली.

"हे नाव कुनाचं?"

"माझं."

"आन् ती कुठं गेली?"

आप्पासाहेबांनी चांदभाईचीच लाकडी मोगरी उचलली. पहिल्या घावाला करंगळी गेली.

"कुठं गेली?"

"खाली नाव माझं हाय, आप्पासाहेब. मला धरा."

चार बोटं ठेचली, तरी संगमनेर त्याच्या तोंडून निघालं नाही.

ती बोटं पुन्हा वळली नाहीत. वर्षभर डाव्या हाताने पटाशी धरायला शिकल्यावर त्याने पहिली वस्तू केली, एक पाट. तो भावाच्या पत्त्यावर राहीबाईंना पाठवला. त्यांनी तो उलटून पाहिला. खाली वाकड्या अक्षरांत कोरलं होतं: चांद, काष्टी. सांधे त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिले. एकही हलला नाही.