नऊ दारांची रांगोळी

गेली कित्येक वर्षं रविवारी सकाळी मी नांदेडहून लातूरला फोन लावायचे आणि गोदाकाकूंची नातसून मीनल तो उचलायची. माझा पहिला प्रश्न ठरलेला, "झाली का रांगोळी?" आणि तिचं उत्तरही ठरलेलं, "झाली की आत्या, मी उठायच्या आधीच." नव्वदीला टेकलेल्या काकूंना वाकवत नव्हतं, मग दारात पाट टाकून त्या बसायच्या. शेवटी शेवटी तर चार ठिपके आणि त्यांना जोडणारी एक रेघ, एवढंच व्हायचं. पण व्हायचं. महिन्याभरापूर्वी फोन मीनलनंच केला, आणि तोही मंगळवारी. "आत्या, आज दारात रांगोळी न्हाई," एवढं बोलून ती रडायला लागली. मी पुढं काही विचारलं नाही... विचारायचं राहिलंच नव्हतं.

काकू माझ्या नात्यातल्या नव्हेत. लातूरच्या आमच्या बोळातल्या शेजारीण. त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच होती. अंगानं बारीक, तोंडानं फटकळ. मी शाळेत मास्तरीण झाल्यावरही "काय करायलीस गं सुमे, पोरांना शिकवतीस का नुसती ओरडतीस?" असं चारचौघांत विचारायच्या. त्यांच्या हातचं वरण कुणी दुसऱ्यांदा मागितल्याचं मला आठवत नाही. हे लिहायलाच हवं, नाहीतर मेलेल्या माणसाची खोटी स्तुती केली म्हणून त्याच मला रागावतील.

मी लिहिते आहे ते निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षाबद्दल. आमच्या बोळात दहा घरं. नऊ हिंदूंची आणि टोकाला एक चाँदबीचं. तिचा नवरा घरांना चुना मारायचा. माझे वडील खासगी मराठी शाळेत मास्तर होते. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चालायचं, त्यामुळे मराठीतून शिकवणारा मास्तर म्हणजे आधीच संशयित. रझाकारांच्या यादीत तुमचं नाव आहे, असं कुणीतरी येऊन सांगितलं आणि दोन दिवसांत आम्ही छोट्या रेल्वेनं हद्दीपलीकडे बार्शीला गेलो. आमच्या आधी तीन घरं गेली होती, आमच्यामागून आणखी चार गेली. त्या नऊ घरांत राहिल्या फक्त गोदाकाकू, कारण काकांची एक बाजू लकव्यानं गेलेली होती आणि त्यांना कुठं हलवणं शक्य नव्हतं. निघताना आईनं घर काकूंवर सोपवलं. दोघींची मैत्री इतकी की एकीच्या चुलीवरचं दूध उतू गेलं तर दुसरी भिंतीपलीकडून ओरडायची.

रिकामं घर ओळखायला तेव्हा फार अक्कल लागत नव्हती. बाहेरून कुलूप दिसलं की कळायचं. आणि कुलूप नसलं तरी, सकाळी दारात सडा-रांगोळी नसली की कळायचं. शेजारच्या गल्लीतली अशी तीन कोरी दारं फुटली, तेव्हा काकूंनी आपला मार्ग काढला. धाब्याची घरं, माळवदाला माळवद लागलेलं. सगळ्यांनी सोपवलेल्या किल्ल्यांनी त्या एकेका घराचं बाहेरचं कुलूप काढायच्या, आपल्या जिन्यानं वर चढून त्या घरात उतरायच्या, आतून कडी घालायच्या आणि पुन्हा वरून परत यायच्या. आणि रोज पहाट उजाडली की नऊ दारांत सडा, नऊ दारांत रांगोळी. तीही सरसकट एक नाही. कोणत्या घरची बाई काय काढते हे त्यांना पाठ होतं. आमच्या दारात आईची आठ पाकळ्यांची कमळं, पलीकडे गोपद्मं, त्याच्यापलीकडच्या घरी हात जरा वाकडा म्हणून तिथली रेघही मुद्दाम वाकडी. वर हळदकुंकवाची चिमूट. रांगोळी विकणाऱ्या बायका खेड्यांतून यायच्या बंद झाल्या तेव्हा चाँदबीनं आपल्या घरातल्या चुन्याची भुकटी चाळून दिली. त्या चुन्यानं काकूंच्या बोटांची टोकं सोलून निघाली.

एकदा भर दुपारी तिघं रझाकार बोळात आले. काकू दारातच होत्या. "इस गली में कौन कौन है?" असा सवाल आला. काकू म्हणाल्या, "सब हैं. मर्दां कामां पे गए." तो माणूस बंद दारांकडे बघत राहिला. तेवढ्यात टोकावरून चाँदबी ओरडली, "होव, सबीच हैं. सुबे सुबे झाडू मार मार के सारी धूल मेरे घर में फेकते. इनकूच बोलो कुछ." ते हसले आणि निघून गेले. हा प्रसंग चाँदबी पुढं साभिनय करून दाखवायची आणि काकू म्हणायच्या, "एवढी धूळ मी कधी टाकली न्हाई हां."

बार्शीत धर्मशाळेच्या एका खोलीत आम्ही होतो. श्रावणात वडिलांना ताप भरला आणि आठव्या दिवशी ते गेले. मी तेव्हा बारा वर्षांची. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं, लोकांनी पेढे वाटले आणि आम्ही दोघी मायलेकी परत लातूरला आलो. आमचं घर जसंच्या तसं होतं. वडिलांची शाळेची छत्री खुंटीवर, आईचं जातं जागेवर. काकूंनी आईला मिठी मारली, दोघी खूप रडल्या. काकूंच्या घरी काका खाटेवर पडूनच होते. आईला बरं वाटावं म्हणून ते मोठ्या कौतुकानं म्हणाले, "वहिनी, तुमच्या दाराची रांगोळी हिनं एक दिवस चुकू दिली न्हाई बघा."

आईचं रडणं थांबलं. तिनं विचारलं, "एकबी दिवस?"

"एकबी न्हाई," काका म्हणाले.

काकूंना वडिलांची बातमी तिसऱ्याच दिवशी कळली होती. बार्शीहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या हाती आम्ही चिठ्ठी पाठवली होती. म्हणजे इकडे माझी आई कपाळ पुसून धर्मशाळेच्या कोपऱ्यात बसलेली, आणि त्याच दिवसांत तिच्या दारात कमळं काढलेली. ज्या घरचा कर्ता गेला त्या घराचा उंबरा सुतकात कोरा असायला हवा, एवढाच तर त्या माणसाचा शेवटचा मान. तोही मिळाला नाही. आईनं काकूंकडे पाहिलं. काकू खाली मान घालून उभ्या होत्या. आई घरी आली, तिनं घागरभर पाणी दारात ओतलं, उंबरा घासून घासून धुतला आणि त्या दिवसापासून ती काकूंशी बोलली नाही.

आठ वर्षं आम्ही त्याच घरात राहिलो. भिंत तीच, पण तिच्यातून आवाज येईना. आता आमच्या दारात रांगोळी मी काढायची, पलीकडे काकू काढायच्या, आणि आई आत आहे हे बघून आम्ही दोघी हळूच बोलायचो. "रेघ जाड काढू नको, चिमटीत धर," असं त्या शिकवायच्या. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "काकू, तुम्ही तेव्हा असं का केलंत?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आईचा राग खरा हाय. तू मध्ये पडू नको." मलाही मग त्यांचा राग आला. निदान चुकले म्हणायला काय जात होतं, असं वाटायचं. मला नांदेडला शाळेत नोकरी लागली आणि आईला घेऊन मी लातूर सोडलं, तेव्हा काकू टांग्यापर्यंत आल्या. आईनं तोंड फिरवलं.

मुक्तिसंग्रामावर मी वर्गात पुष्कळ बोलले आहे. दरवर्षी सप्टेंबरात सत्कार होतात, जुनी माणसं हारतुरे घालून बसतात, त्यांतले काही खरे असतात आणि काही जण त्या वर्षी नेमके कुठे होते हे त्यांनाच विचारायला हवं. काकूंना कुणी बोलावलं नाही. त्यांनीही मनाला लावून घेतलं नाही. राजकारणावर त्यांचं मत विचारलं तर "आधी नळाला पाणी येऊ दे" म्हणायच्या. माझ्या दृष्टीनं मात्र त्यांचं मोठेपण त्या एका गोष्टीपाशी येऊन अडायचं. नऊ घरं वाचवली हे खरं, पण माझ्या वडिलांचे दहा दिवस पाळले नाहीत... हे माझ्या मनातून जात नव्हतं.

पुढं चाँदबीच्या नातीच्या लग्नाला मी एकटीच लातूरला गेले. तेव्हा मी पस्तिशीची होते. चाँदबीनं मला जवळ बसवलं आणि बोलता बोलता पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांवर आली. वारं फिरलं होतं. आता मुसलमानांची घरं हुडकत टोळकी फिरत होती. पहिल्याच सकाळी काकू रांगोळीचा डबा घेऊन तिच्या दारात येऊन बसल्या. दहावं दार. लक्ष्मीची पावलं वगैरे देवाचं काही काढलं नाही, साधी ठिपक्यांची नक्षी काढली आणि वर हळदकुंकू टाकलं. टोळकं आलं, दारातली रांगोळी बघून पुढं गेलं.

"पन मैं उसकू पूछी," चाँदबी म्हणाली, "मेरे दरवाजे पे लाल-पीला डालती, तो उधर मास्टरसाब के दरवाजे पे उत्ते दिन क्यों नै डाली? खाली सफेदच सफेद. वो बात टाल दी. मेरेकू लगा, कुंकू खतम हुआ होएंगा."

किती दिवस, असं मी विचारलं. चाँदबीनं बोटं मोजली. सात दिवस. बातमी तिसऱ्या दिवशी आली, म्हणजे सुतकाचे राहिले होते सातच. त्या सात दिवसांत आमच्या दारात आईची कमळं होती, पण त्यांवर हळद नव्हती, कुंकू नव्हतं. बोळातून जाणाऱ्या पुरुषाला ते कधी दिसलं नसतं. बाईला पहिल्या नजरेत दिसलं असतं. पण बघायला बोळात बाई होतीच कोण? फक्त चाँदबी, आणि तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. खाटेवरच्या काकांना तर दार दिसतही नव्हतं.

नांदेडला येऊन मी आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. सुपातले खडे बाजूला करता करता तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मला का न्हाई बोलली ती..." थोड्या वेळानं उठली, पातळ बदललं आणि मला विचारलं, "लातूरची गाडी किती वाजता हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा काकू दारात शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. काका जाऊन चार वर्षं झाली होती आणि काकूंचंही कपाळ मोकळं होतं. पण कोण काय म्हणेल याची पर्वा न करता रांगोळी मात्र त्या काढतच होत्या, चिमूटभर हळद टाकून. आई पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. काकूंचा उजवा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवत राहिली. ती टोकं कायमची खरखरीत झाली होती, रेशमी कापडाला अडकायची. काकू म्हणाल्या, "चहा ठेवू का? साखर कमी हाय घरात." आई म्हणाली, "ठेव." तेवीस वर्षांनी दोघींचं बोलणं सुरू झालं ते असं. पुढं आई जाईपर्यंत, दर दिवाळीला एकतर काकू नांदेडला यायच्या किंवा आई लातूरला जायची, आणि भांडायच्याही खूप.

गेल्या दिवाळीत मी काकूंना भेटले ती शेवटची भेट. आई आता नव्हती, म्हणून मी मनातलं विचारून टाकलं. काका बोलले तेव्हाच तुम्ही हळदकुंकवाचं का सांगितलं नाहीत? काकूंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या.

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर सफाई दिल्यासारखं झालं असतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आणि खरं सांगू का सुमे? तुझ्या बापाच्या मानासाठी म्हणून काय ती कमळं काढली न्हाईत मी. लई भ्याले होते. तुमचं दार कोरं दिसलं असतं तर ते फुटलं असतं, आणि त्याच्यापुढचं दार माझं. आत हे असे पडलेले. चिठ्ठी वाचली, आंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमच्या दारात बसले. कुंकू टाकायला मात्र हात उठेना... तेवढंच काय ते."

तेवढंच काय ते. मी साठ वर्षं ज्या गोष्टीचा हिशेब लावत होते ती त्यांनी अशी सांगितली आणि "मला कूस बदलून दे" म्हणाल्या. भीती वाटत असतानाही एका मेलेल्या माणसाची आणि दूर बसलेल्या मैत्रिणीची आठवण ठेवणारा तो हात मला फार मोठा वाटतो. मी त्यांना तसं बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

फोन आला त्याच दिवशी मी लातूरला गेले. बोळ आता ओळखू येत नाही. चाँदबीच्या जागी तीन मजली इमारत आहे, आणि पुष्कळ दारांत रांगोळीचे छापील कागद चिकटवलेले असतात, ते पावसातही पुसले जात नाहीत. काकूंचं दार तेवढं कोरं होतं. पाचव्या दिवशी सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला आणि काकूंचा पितळी डबा घेऊन उंबऱ्यापुढे बसले. गुडघे दुखत होते. मीनल धावत आली, "आत्या, सुतक हाय ना आपल्याला?" तुम्हाला आहे, मी शेजारीण आहे, मला नाही, असं मी म्हटलं. आणि आईची आठ पाकळ्यांची कमळं काढायला घेतली. रेघ जाड आली, काकू बोलल्या असत्या. रांगोळी पुरी झाली तेव्हा मीनलनं सवयीनं हळदकुंकवाचा करंडा माझ्यापुढे केला.

मी त्याचं झाकण लावलं आणि तो तिच्या हातात परत दिला.