फोटोतलं मोहाचं झाड
कागदपत्रांची जुनी फाइल उघडली की अजून मोहफुलांचा उग्र, गोडसर वास येतो, कारण व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी आईने ती मोहाच्या टोपलीशेजारी ठेवली होती. लग्नानंतर महिनाभरातच नवरा अमेरिकेला परतला होता आणि दोन वर्षांच्या संसाराचा पुरावा म्हणून माझ्याकडे होते ते फक्त व्हिडिओ कॉलचे फोटो. काचेपलीकडच्या साहेबाने ते एकेक करून पाहिले आणि दुभाषी बाईंमार्फत विचारलं, प्रत्येक फोटोत मागे तेच झाड कसं? मी म्हटलं, "साहेब, आमच्या गावात रेंज नाई. त्या मोहाखालीच येते, म्हणून रोज सकाळी तिथीच जावं लागते." त्याने फोटो पुन्हा पसरले. कुठे झाड उघडं, कुठे तांबूस पालवी, कुठे गच्च हिरवं. मग कोपऱ्यातल्या पाठमोऱ्या लुगड्यावर बोट ठेवून त्याने विचारलं, ही कोण? "माही माय. मोह पडला का अस्वल येते, म्हणून काठी घेऊन उभी रायते." तुमचं सगळं बोलणं ऐकते? "जंगलाकडं तोंड करून रायते जी. ऐकून नाई राह्यली असं दाखवते." साहेब पहिल्यांदा हसला, आणि व्हिसा मंजूर झाल्याचं बाईंनी मला दोनदा सांगितलं. आता गावात टॉवर झालाय, घरात बसूनही बोलता येतं. तरी मला फोन करायला आई त्या मोहाखालीच जाते. फक्त आता तिचं तोंड माझ्याकडे असतं.