शवपेटीच्या कडेवरची चार बोटं

सकाळी स्टुडिओचं दार उघडलं की सोसम्मा आधी कॉम्प्युटरचा पडदा नवऱ्याच्या जुन्या मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, फडक्याने पुसायची. मग खणातून थोरल्या बहिणीचा फोटो काढायची, कधीकाळी लॅबमधून छापून आलेला. तोच फोटो पडद्यावर उघडायची आणि कागद शेजारी धरून पडद्याचा उजेड कमी कमी करत न्यायची, दोन्हीकडची बहीण सारखीच सावळी दिसेपर्यंत. "पडदा तोंडपुजा असतो," ती म्हणायची. "सगळ्यांना उजळच दाखवतो. कागद तसा नाही."

रान्नीच्या बाजारातला तो स्टुडिओ तिच्या नवऱ्याचा, कोशीचा. फोटो तो काढायचा आणि ते छपाईला तयार करायची ती. रंग नीट करायचे, कागदाच्या मापात बसवायचे आणि कोचीच्या लॅबला इंटरनेटवरून पाठवून द्यायचे. चौथ्या दिवशी पुठ्ठ्यात गुंडाळलेलं पार्सल हजर. गावातल्या निम्म्या घरांची मुलं परदेशात, त्यामुळे लग्नाइतकेच अंत्यविधीचे फोटोही लागायचे. ज्यांना येता आलं नाही, त्यांना निदान बघता तरी यावं.

सोसम्माचं नाव होतं ते सफाईसाठी. नवरीच्या मागची प्लास्टिकची खुर्ची, कोपऱ्यातली बादली, कुणाचं तरी अर्धं तोंड, सगळं ती असं पुसायची की तिथे काही होतं हे सांगूनही खरं वाटू नये. बायका कौतुकाने म्हणायच्या, "सोसम्मा, आमच्या घरीही एकदा येऊन असा झाडू मार की!" ती हसायची. तिला ते आवडायचं.

गावातले ईपन वारले ते मे महिन्यात. अंगणात निळी ताडपत्री बांधली होती. शवपेटी चर्चकडे निघण्याआधी रिवाजाप्रमाणे घरच्या सगळ्यांना तिच्याभोवती उभं करून कोशीने फोटो घेतला. सोसम्माही गेली होती, पण मागे, बायकांच्या गर्दीत.

दोन दिवसांनी ईपन यांची बायको अलेयम्मा दुकानात आली. "मोठा करून दे, पंधरा बाय बाराचा. एकेचाळिसाव्या दिवसाच्या जेवणाआधी भिंतीवर लागला पाहिजे."

सोसम्माने मन लावून काम केलं. ताडपत्रीमुळे सगळ्यांचे चेहरे निळे पडले होते, ती निळाई एकेका गालावरून उतरवली. पांढऱ्या साड्यांच्या चुण्या उजेडात विरघळल्या होत्या, त्या परत आणल्या. मग माप. कॅमेऱ्याचा फोटो लांबट, कागद त्या मानाने चौरस. लॅबचं इंटरनेटवरचं पान विचारतं, पूर्ण फोटो ठेवून वर-खाली पांढरी पट्टी सोडायची, की कागद भरून टाकायचा? पांढरी पट्टी लोकांना आवडत नाही, कापड कमी पडल्यासारखं वाटतं. तिने कागद भरायचं ठरवलं. डाव्या टोकाला ईपन यांची नात होती, ती कापली जायला नको म्हणून चौकट डावीकडे सरकवली. उजवीकडून एक माणूस बाहेर गेला. पांढरा सदरा, वाकलेला खांदा. तिने सदरा पाहिला, चेहरा पाहिला नाही.

पण त्या माणसाची चार बोटं आतच राहिली, शवपेटीच्या कडेवर, पायांच्या बाजूला. हाताशिवाय नुसतीच बोटं, फार विचित्र दिसत होती. तिने पडद्यावरच शेजारच्या निशिगंधाच्या फुलाची नक्कल उचलून त्यांच्यावर ठेवली. बोटं झाकली गेली. स्वतःवरच खूष होऊन तिने चहा मागवला.

ती बोटं पोतन यांची होती. ईपन यांचा धाकटा भाऊ. रबराच्या मळ्याच्या बांधावरून दोघे एकोणीस वर्षं बोलले नव्हते. त्या दिवशी सगळे उभे राहिल्यावर पोतन फाटकातून आले आणि जागा मिळाली तिथे, अगदी टोकाला, उभे राहिले. गावाने ते पाहिलं होतं. आठवडाभर चर्चच्या पायरीवर दुसरा विषय नव्हता. सोसम्मानेही त्यात दोन वाक्यं घातली होती.

एकेचाळिसाव्या दिवशी पोतन बायकोला घेऊन भावाच्या घरी जेवायला आले. हात धुतले, आत आले, भिंतीवरच्या फोटोसमोर थांबले. बराच वेळ थांबले. मग पानावर न बसताच निघून गेले. मेलेल्याच्या नावचं अन्न न शिवता गेलेला माणूस परत त्या घरी येत नाही, असं आमच्याकडे मानतात.

दुसऱ्या दिवशी अलेयम्मा दुकानात आली ती छत्री न मिटताच. "लोक म्हणतात, मीच त्याला कापायला लावलं. सोसम्मा, देवाला स्मरून सांग, मी तुला असं बोलले होते?"

"नाही, अम्मच्ची."

"मग गेला कुठे तो?"

सोसम्माने मूळ फोटो उघडला. उजव्या टोकाला पोतन उभे होते, मान खाली, हात शवपेटीवर. आता तिने चेहरा पाहिला, आणि पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "लॅबवाल्यांनी कापलं असणार. त्यांचं यंत्र कापतं कधीकधी."

अलेयम्माने सुस्कारा सोडला. "यंत्र होय! जीव भांड्यात पडला गं बाई. हेच सांगते त्याला."

ती गेली. कोशी कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

संध्याकाळी तो बाजारातून परतला आणि दाराशीच उभा राहिला. "अलेयम्मच्ची गेली होती पोतनच्चायनकडे. यंत्राची गोष्ट सांगायला."

"मग?"

"त्यांनी दारातच विचारलं, यंत्र फुलंपण वाहतं का? म्हणाले, माझा हात होता तिथे फूल आहे. आणि शेजारीही तेच फूल आहे. त्याच पाकळीला तीच दुमड, दोन ठिकाणी. म्हातारी तशीच परत आली बिचारी."

सोसम्माने लॅबला पाठवलेला फोटो पडद्यावर उघडला.

"पंचवीस वर्षं माणसं पुसतेस," कोशी म्हणाला. "कधी विचारलंस, कोण आहे म्हणून?"

"इच्चाया, तुम्ही तरी सांगायचं होतं ना, टोकाला कोण उभं आहे ते!"

"मी त्यांना फोटोत घेतलं होतं," कोशी म्हणाला. तेवढंच.

तिने फोटो पुन्हा तयार केला. या वेळी पूर्ण, वर-खाली एकेक इंच पांढरं सोडून. बोटांवर काही ठेवलं नाही. पार्सल येईपर्यंतचे चार दिवस ती चर्चच्या बाजूने गेली नाही, मागच्या रस्त्याने दुकानात आली आणि गेली. गिऱ्हाईक कौतुक करायला लागलं की तिचे कान तापायचे.

पोतन यांच्या ओसरीवर रबराचे ताव वाळत होते. तिने पुठ्ठा पुढे केला, पण त्यांनी हात लावला नाही.

"पोतनच्चायन, अम्मच्चीने काही सांगितलं नव्हतं. यंत्रानेही नाही कापलं. मी कापलं. फूल मीच ठेवलं."

"का?"

खरं उत्तर इतकं लहान होतं की उच्चारायची लाज वाटली. "बरं दिसत नव्हतं म्हणून."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे. "एकोणीस वर्षांत तेवढाच हात लागला होता गं त्याला," ते म्हणाले. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. "आणि तोही पेटीला."

तिला मान वर करता येईना.

"माझ्याजवळ कबूल करून काय उपयोग? त्या बाईला गाव बोल लावतंय. चल, तिच्यासमोर सांग."

ते पुढे, ती मागे. वाटेत भेटलेल्या दोघांनी विचारलं, "कुठे निघालात?" पोतन म्हणाले, "घरी," आणि चालत राहिले. भावाच्या फाटकाशी मात्र ते घुटमळले. सोसम्मालाच कडी काढावी लागली.

अलेयम्माने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं. "म्हणजे तुझ्या खोट्यावर मी याच्या दारात हात जोडून उभी राहिले," ती म्हणाली. "मला वाटलं, सोसम्मा कशाला खोटं सांगेल."

"चुकलं, अम्मच्ची."

अलेयम्माने दिराकडे वळून विचारलं, "कॉफीत साखर घेता अजून, का डॉक्टरने सोडायला लावली?"

"घालतेस तर घाल. त्या डॉक्टरला कोण सांगायला जातंय!"

ती आत गेली. पोतन यांनी स्टूल ओढलं, भिंतीवरची चौकट उतरवली आणि मागच्या खिट्या सरकवून जुना फोटो काढला. नवा त्यांनी स्वतःच्या हाताने आत बसवला. सोसम्मा मदतीला पुढे झाली, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे." ती दाराजवळ जाऊन उभी राहिली. अलेयम्माने तीन पेले आणले. तिसरा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, हातात दिला नाही. सोसम्माने तो उचलला आणि धरून ठेवला.

पोतन स्टुलावर चढले. चौकट खिळ्याला अडकवून, वळून न बघता त्यांनी विचारलं, "सरळ आहे का गं?"

अलेयम्माने दाराकडे पाहिलं. प्रश्न तिला नव्हता. सोसम्माला भिंतीकडे बघावंच लागलं.

"उजवी बाजू जरा वर घ्या," ती म्हणाली.